मागच्या गाडीतले अप्पा

माझे सासरे रोज सकाळी दोन कपाळांना विभूती लावत. आधी स्वतःच्या. अंघोळ झाली, लिंगायतांच्या रीतीने तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाली की तीन बोटांनी तीन आडव्या रेघा. मग तसेच ओल्या पंच्याने ते मागच्या पत्र्याच्या छपरीत जात आणि तिथे उभ्या असलेल्या जुन्या विलायती मोटारीला, तिच्या दोन मोठ्या दिव्यांच्या मधोमध, तशाच तीन रेघा ओढत. त्यानंतर स्टिअरिंगमागे बसून चहा. लग्न होऊन बोरीला आल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात कपबशी दिली आणि म्हणाल्या, गाडीत नेऊन दे. मला वाटलं, सासरे कुठे गावाला निघालेत. मी धावतच गेले. अप्पा बंद गाडीत दोन्ही हात चाकावर ठेवून समोरच्या कडब्याच्या गंजीकडे बघत बसले होते. म्हणाले, "बसा सूनबाई. कुठं जायाचं?"

नवी नवरी काय बोलणार? कुठंच नाही, म्हटलं. त्यावर ते खुशीत आले. "मंग बराबर गाडीत आलाव तुमी."

अप्पांचं बोरीत कापडाचं दुकान होतं. हैदराबाद संस्थान गेल्यावर एका जहागीरदाराच्या घरातून त्यांनी ती गाडी घेतली होती. लांब नाक, दोन्ही बाजूंना पायदानं, तारांच्या काड्यांची चाकं. बोरीतल्या एका पिढीचे सगळे नवरदेव त्या गाडीतून मिरवले. पुढे इंजिन अडलं, सुटे भाग मिळेनात, आणि गाडी छपरीत गेली ती गेलीच. घेणारे आले, तर अप्पा त्यांना चहा पाजून परत पाठवत. "इंजन बंद हाय," म्हणत, "गाडी बंद न्हाई." याचा अर्थ काय, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याला ते अर्धा तास गाडी चालवण्यावर ऐकवत.

चालवायला गाडी नसलेला आणि चालवण्याबद्दल इतकं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एसटीत ते हट्टाने ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसत आणि सूचना देत. गिअर लवकर टाकला, वळण उशिरा घेतलं, खड्डा दिसला नाही का. एकदा एका ड्रायव्हरने झरीजवळ गाडी थांबवली आणि यांना उतरा म्हणून सांगितलं. अप्पा टोपी नीट करून उतरले आणि उन्हातून चालत घरी आले. आम्ही सगळे चिडलो होतो. ते मात्र पाणी पिऊन म्हणाले, "मानूस तापट हाय. पन ब्रेक झकास मारला."

अशा बोलक्या माणसाच्या घरात एक अबोला होता. अप्पा आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा महादेव, एकमेकांशी बोलत नसत. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात घरं पेटली, त्या वर्षापासूनचं हे. महादेव तेव्हा नांदेडच्या कॉलेजात नुकताच लागला होता. त्याच्याबरोबर शिकवणाऱ्या एका दलित मित्राच्या गावात जाळपोळ झाली, तेव्हा तो मित्राला, त्याच्या बायकोला आणि तान्ह्या मुलीला घेऊन थेट बोरीला आला. मी भाकरी टाकत होते. अप्पांनी त्यांना बैठकीत बसवलं, स्वतः पाणी दिलं, आणि दुकानात गेले. दिवस मावळायच्या आत परत आले ते म्हणाले, शेवटची एसटी मिळेल, तुम्ही निघा. कारण सांगितलं नाही. महादेव त्या तिघांना घेऊन निघाला. जाताना उंबऱ्यातून बापाला म्हणाला, "कपाळावरची विभूती पुसून टाका. शोभत न्हाई." ती माणसं पुढे सुखरूप पोचली, पण बापलेकांचं बोलणं तिथेच संपलं.

त्यानंतर घरातला टपाल खात्याचा कारभार माझ्याकडे आला. सुट्टीत बोरीला आलो की दोघे एकाच पंगतीला शेजारी शेजारी जेवायला बसत आणि मला सांगत, त्याला विचारा भात हवा का. त्यांना सांग औषध घ्या. मी सुरुवातीला निरोप जसाच्या तसा पोचवत असे. नंतर कंटाळून नुसती मान हलवू लागले, आणि गंमत म्हणजे तेवढ्याने भागत होतं.

सासूबाई गेल्या आणि अप्पा एकटे पडले. दुकान बंद झालं होतं. एका सुट्टीत आम्ही गेलो तर ते कपाच्या बाहेर चहा ओतताना दिसले. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याला अडखळून पडले. आम्ही म्हटलं, वय झालं. महादेवने ठरवलं, यांना नांदेडला न्यायचं. निरोप अर्थातच मी पोचवला. अप्पांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, गाडी येत असेल तर मी येतो. महादेवने ट्रक सुचवला. त्यावरही उत्तर माझ्याच मार्फत गेलं. "तेला सांगा, मढं उचलून नेत्यात तसं माजी गाडी न्यायची न्हाई. ती आपल्या चाकावर जाईल."

म्हणून गाडी भाड्याच्या जीपला बांधून ओढत न्यायचं ठरलं; जीप महादेव चालवणार होता. परभणीहून रशीदभाई मेकॅनिक आला. त्याने चाकांत ताजं ग्रीस भरलं, ब्रेक पुन्हा जिवंत केले, नवे टायर चढवले आणि जाड दोर बंपरला न बांधता खालच्या सांगाड्याला बांधायला लावला. दोराच्या मध्यावर लाल फडकं बांधलं, दुसऱ्यांना दिसावं म्हणून. मग त्याने मुख्य गोष्ट सांगितली, आणि ती मला तोंडपाठ झाली. "पुढेवाली गाडी सिर्फ खींचती. रोकना पीछेवाले का काम. रस्सी ढिल्ली नक्को होने देना." दोर ढिला पडला की पुढच्या गाडीचा झटका बसतो, दोर तुटतो, नाही तर मागची गाडी पुढच्यावर जाऊन आदळते. म्हणजे मागच्याने सगळा वेळ दोराकडे बघत राहायचं आणि ब्रेकने तो ताठ ठेवायचा. त्यासाठी रशीदभाई स्वतःचा माणूस पाठवणार होता.

निघायच्या सकाळी एसटी बंद होत्या. कुठे तरी आंदोलन होतं, रशीदभाईचा माणूस बोरीला पोचू शकला नाही. महादेवला दुसऱ्या दिवशी परीक्षेचं काम होतं. अप्पा म्हणाले, मी बसतो, गाडी माझी आहे. महादेव मला म्हणाला, "विचार, जमेल का." मी विचारलं. "तेला सांगा," अप्पा म्हणाले, "तो पाळन्यात व्हता तवापास्नं चालवायलो म्या." हे दोघे एकमेकांपासून तीन हातांवर उभे होते.

जीपमध्ये गाद्या, पितळी भांडी आणि सासूबाईंची शिवणयंत्राची पेटी छतापर्यंत भरलेली, त्यामुळे मी अप्पांच्या शेजारी मागच्या गाडीत. माझ्या बाजूचं दार फक्त बाहेरून उघडत होतं. महादेवने ते लावलं. भोंग्याचा रबरी फुगा केव्हाच फाटला होता. थांबायचं असेल तर मी खिडकीतून पांढरा पंचा हलवायचा, म्हणजे महादेवला बाजूच्या आरशात दिसेल, असं ठरलं, आणि आम्ही निघालो.

गाव सुटल्यावर पहिल्याच उतारावर दोर सैल होऊन धुळीत लोळायला लागला. मी वाट बघितली, आता अप्पा ब्रेक दाबतील. त्यांनी दाबला नाही. पुढे जीपने ओढ घेतली आणि असा हिसका बसला की माझं डोकं काचेवर आपटलं. पुढच्या उतारावर पुन्हा तेच. मी म्हटलं, अप्पा, दोर जमिनीला लागलाय. त्यांनी विचारलं, "कुठं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मान जराशी डावीकडे वळवून, कोंबडी बघते तसे, समोर बघत होते. चाकावरची बोटं पांढरी पडली होती. "पोरी," ते म्हणाले. त्यापूर्वी त्यांनी मला कधी पोरी म्हटलं नव्हतं. "मला दोर दिसंना. जीप काळी काळी दिसायली, बस. तू बोलत ऱ्हा. ढिला का ताठ, येवढंच सांग."

मी पंचा उचलला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. थांबवलं की त्याला कळेल, म्हणाले. कळलं की नांदेडच्या घरात मला भिंतीला टेकवून बसवतील, हाताला धरून मोरीत नेतील, चार माणसांत तोंड उघडलं की म्हणतील, बसा अप्पा, तुम्हाला काय दिसतंय. आजचा रस्ता तेवढा मला करू दे. आणि माझ्याकडून लिंगाची आण घेतली.

मला त्यांचा भयंकर राग आला. दयाही आली, पण राग जास्त. दार उघडत नाही, आवाज पुढे पोचत नाही, नवऱ्याला मधल्या आरशात फक्त गाद्या दिसतायत, आणि मी एका जवळजवळ आंधळ्या माणसाच्या शेजारी बांधली गेलेली. सुनेने सासऱ्यासमोर आवाज चढवायचा नसतो. मी ते पाच-सहा मैलांतच सोडून दिलं. ढिला. दाबा. सोडा. ताठ आहे. डावीकडे बैलगाडी. दाबा म्हणते ना. ते बिनतक्रार ऐकत होते, आणि नवल म्हणजे चुकत नव्हते. मी म्हटलं की पाय पडत होता. परभणीत महादेवने गाडी थांबवून चाकांना हात लावून बघितला, तापली नव्हती. मला विचारलं, कसे चालवतात? अप्पा खिडकीतून ऐकत होते. मी म्हटलं, ब्रेक झकास मारतात. अप्पांच्या मिशा हलल्या.

पूर्णा मागे पडली तसा मला धीर आला. चुडाव्याच्या अलीकडे मात्र रांगच लागली. पुढे रस्त्यावर माणसं बसली होती, निळे झेंडे होते, कर्ण्यावर भाषण चाललं होतं. नामांतरासाठी रस्ता रोको. जीपपुढे टेम्पो, आमच्यामागे ट्रक, माझ्या बाजूला खड्डा, अप्पांच्या बाजूला उसाची ट्रॉली इतकी चिकटून की दार चार बोटंही उघडेना. महादेव खिडकीतून तांब्या देऊन गेला आणि पुढे काय चाललंय ते बघायला गेला. उन्हाने टप तापला. जुन्या गाद्यांना उंदरांचा वास येत होता. मी हलू शकत नव्हते, अप्पाही. कर्ण्यावरचा प्रत्येक शब्द आमच्या गाडीत येत होता.

"निळे झेंडे हाईत का?" अप्पांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी महादेवचा मित्र आला होता त्या संध्याकाळचं सांगितलं.

ते दुकानात गेले तेव्हा गावातली चार माणसं आली होती. ओळखीची, उधारीची, रोज नमस्कार करणारी. पाहुणे कोण आलेत, हे त्यांनी विचारलं नाही. भांडण नाही, शिवी नाही. त्यांनी नुसती काडीपेटी मागितली.

"कापडाच्या दुकानात काडीपेटी," अप्पा म्हणाले. "एकानं मागितली, मंग दुसऱ्यानं. हासत हासत. महादेवाला वाटलं, म्या जात बगितली. म्या काडीपेटी बगितली, पोरी. लय भ्यालो."

मी विचारलं, मग त्याला सांगितलं का नाही?

"भ्यालो आसं लेकाला कसं सांगावं? त्यानं मला जातवाला म्हनलं. म्या म्हनलं, म्हनू दे. ते सोपं वाटलं."

मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नेमका पकडला नाही, पाणी धोतरावर सांडलं, आणि आम्ही दोघांनीही ते बघितलं नाही असं केलं.

उन्हं कलली तेव्हा पुढे गलका झाला. माणसं उठायला लागली, ट्रॉली पुढे सरकली, महादेव धावत येऊन जीपमध्ये बसला. आंदोलनातली माणसं वाहनांच्या मधून रस्ता ओलांडत होती. लाल फडक्यासकट दोर जमिनीवर पडला होता, आणि एक म्हातारी, डोक्यावर पदर, काखेत झेंड्याची काठी, तो ओलांडायला पाय उचलत होती. महादेवला ती दिसणं शक्य नव्हतं. जीप हलली, दोर वर उठला आणि तिच्या पायात आला. ती आमच्या गाडीच्या पुढ्यात पडली.

मी ओरडले, ब्रेक. अप्पांनी दाबला, पण त्याआधी एकदा विचारलं, "काय झालं?" तेवढ्या वेळात गाडी सरकली. थांबली तेव्हा म्हातारीच्या लुगड्याचा काठ चाकाखाली होता.

तिच्या कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही. पण हे कळायच्या आधीच पोरं धावून आली. जीप थांबली होती. एकाने टपावर हात आपटला आणि अप्पांना विचारलं, एवढी बाई दिसत नाही का? अप्पा माझ्याकडे वळले. मला विचारलं, "हाय का ती?" मी म्हटलं, आहे, उठून बसली आहे. त्यांनी श्वास सोडला. मग ट्रॉली सरकल्यामुळे मोकळं झालेलं स्वतःचं दार उघडून ते उतरले.

गाडीच्या नाकाडावर हात ठेवत ठेवत ते पुढे गेले, खाली वाकले, चाचपून दोर शोधला आणि तो धरून, एक हात सोडत दुसरा हात पुढे टाकत, जीपकडे चालायला लागले. पोरांना वाटलं, म्हातारा जीपवाल्याशी भांडायला निघाला. त्यांनी वाट दिली. महादेव उतरून उभा होता. काय चाललंय हे त्याला कळत नव्हतं. दोर संपला तिथे अप्पा थांबले.

"महादेवा," ते म्हणाले. "मला दिसत न्हाई."

मी माझ्या खिडकीतून पायदानावर कशी उतरले ते मला सांगता येणार नाही. पोचले तेव्हा महादेवचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "मंग बसलाव कशाला अप्पा?" इतक्या वर्षांनंतरचं त्याचं पहिलं वाक्य ते.

"तू इचारलं न्हाईस. सूनबाईनं इचारलं. तू इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

आणि मग त्यांनी काडीपेटीचंही सांगितलं. तिथेच, रस्त्यावर, इतक्या माणसांसमोर. भोवती कोण उभं आहे, कसले झेंडे आहेत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आवाज खाली आणला नाही. भ्यालो, हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. टपावर हात आपटणारा पोरगा खाली बघत होता. म्हातारी रस्त्याच्या कडेला बसून कोपर धूत होती. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बसवा तेला सावलीत. उभं काहून केलंय?"

गाडी ओढून न्यायला दोन चालवणारे लागतात. आमच्याकडे एकच उरला होता. त्याच पोरांनी गाडी ढकलत चुडाव्यातल्या एका आडत दुकानाच्या मोकळ्या जागेत नेऊन लावली. निघताना अप्पांनी तिच्या नाकाडावरून हात फिरवला, दिव्यांच्या मधली विभूती बोटांना लागली, ती त्यांनी धोतराला पुसली आणि महादेवच्या खांद्यावर हात ठेवून जीपमध्ये पुढे बसले. मी मागे, भांड्यांत. पुढे काही महिन्यांनी कुणी तरी ती गाडी घेऊन गेलं. कुठे नेली, ते अप्पांनी विचारलं नाही.

चुडावा ते नांदेड रस्ताभर महादेव बोलत होता. इतक्या वर्षांचं काही तरी बोलेल, असं मला वाटलं होतं. त्याने काढलं भलतंच. डावीकडे ऊस आहे अप्पा. पुढं पूल यायलाय. एक बाई शेळ्या घेऊन चालली, तीन करडं आहेत. लिंबगाव आलं. अप्पा ऐकत होते आणि मधूनच सांगत होते, गिअर बदल.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नव्हतं. अप्पा आमच्याकडे चार वर्षं होते, आणि भिंतीला टेकून ते एक दिवसही बसले नाहीत. महादेव त्यांना स्कूटरवर मागे बसवून गावभर फिरवायचा, दिसेल ते सांगत. शेजारच्यांना तो बडबड्या वाटायचा. मला ते दोघे बाहेरून परत आले की जिन्यातच कळायचं, वाद चाललेला असायचा, वळण कुणी चुकीचं सांगितलं म्हणून.

ते गेले तेव्हा आम्ही त्यांना बोरीला नेलं. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. खड्ड्यात त्यांना नीट बसवायला महादेवच उतरला. तळहातावर लिंग ठेवलं, कपाळाला विभूती लावली, मान सरळ केली. वरून विधी सांगणारे स्वामी म्हणाले, आता वर या. महादेव आला नाही. तो बापाच्या कानाशी वाकला होता, आणि काठावरून मला ऐकू येत होतं.

"समोर आपलं रान हाय अप्पा. तूर काढलीय. उजव्या हाताला लिंबाचं झाड. मानसं लय आल्यात, समदी उभी हाईत. आता माती यायलीय."